मोंराशेचा बांध

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात प्युलिन्यी गावाहून शासान्य गावाकडे डोंगराच्या पायथ्याने जाणारा रस्ता इतका अरुंद आहे, की समोरून ट्रॅक्टर आला तर मोटारवाल्याला मागे सरावं लागतं. रस्त्याच्या वरच्या अंगाला मोंराशे नावाचं शेत, खालच्या अंगाला बातार-मोंराशे. दोन्हीकडे शार्दोने हेच द्राक्ष. वेलींची उंची तीच, ओळींमधलं अंतर तेच, मशागत करणारी माणसंही पुष्कळदा तीच. कायद्याने दोन्ही शेतं ‘ग्रां क्रु’, म्हणजे सर्वोच्च दर्जाची. तरी वरच्या शेताची वाइन जगातली सर्वश्रेष्ठ ड्राय व्हाइट वाइन म्हणून नावाजली जाते आणि बाजारात खालचीला तिच्याहून कमी भाव मिळतो. उतारावरून आणखी चालत गेलं, गाव ओलांडून हमरस्त्याच्या पलीकडे पोचलं, की तिथल्या वाइनला गावाचं नावही लावता येत नाही. बाटलीवर नुसतं ‘बर्गंडी’ छापायचं.

संपादकांनी या वर्षीच्या अंकाला ‘बांध’ हा विषय दिला, तेव्हा याच रस्त्यावर जाऊन उभं राहायचं मी ठरवलं. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांतून मी वर्षानुवर्षं हिंडते आहे. बांधावरून झालेली भांडणं, मोजण्या, कोर्टाच्या तारखा हे सगळं ऐकत आले आहे. पण बांध ओलांडला की त्याच पिकाचा भाव पटीत बदलतो, हे कुठे पाहिलेलं नव्हतं. तो फरक मातीत असतो की माणसांच्या डोक्यात, हे मला काढणीच्या दिवसांत, मजुरांच्या आणि मालकांच्या पाठोपाठ फिरून बघायचं होतं.

वीस एकरांचे वाटेकरी

मोंराशे म्हणजे सगळं मिळून आठ हेक्टरला किंचित कमी, आपल्या हिशेबाने वीसेक एकर. त्यातली जवळपास निम्मी जमीन प्युलिन्यीच्या हद्दीत, निम्मी शासान्यच्या. १८७९मध्ये दोन्ही गावांनी या शेताचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं आणि ती प्युलिन्यी-मोंराशे व शासान्य-मोंराशे झाली. शेताच्या नावाने गाव ओळखलं जावं, ही बर्गंडीची रीतच आहे.

या वीस एकरांचे मालक दीड डझनाच्या आसपास. सर्वांत मोठा तुकडा लागीश या जुन्या सरदार घराण्याचा, दोन हेक्टरांहून थोडा जास्त. त्यांची वाइन १९४७पासून बोन शहरातली द्रुएँ ही पेढी करते. मग तुकडे लहान लहान होत जातात. प्युलिन्यीतल्या लफ्लेव्ह घराण्याला १९९१मध्ये मोंराशेत शिरकाव मिळाला तो आठ आर जमिनीतून, म्हणजे आठेक गुंठ्यांतून. एवढ्या जागेतून वर्षाला साधारण एक पिंप वाइन होते. बर्गंडीचं पिंप २२८ लिटरचं, त्यातून तीनशेच्या आसपास बाटल्या निघतात. कायद्याने ठरवलेली उत्पन्नाची मर्यादा हेक्टरी चाळीस हेक्टोलिटरच्या आसपास असल्यामुळे सगळं मोंराशे मिळून चांगल्या वर्षीही चाळीसेक हजार बाटल्यांच्या फार पुढे जात नाही.

एवढे तुकडे पडले ते फ्रेंच राज्यक्रांतीनंतर. त्याआधी इथल्या चांगल्या जमिनी मठांच्या आणि सरदारांच्या होत्या. १०९८मध्ये स्थापन झालेल्या सितो मठाच्या साधूंना शेजारच्या मेर्सो गावात अगदी सुरुवातीपासून जमिनी मिळाल्या होत्या. क्रांतीत चर्चच्या जमिनी सरकारजमा होऊन लिलावात गेल्या. पुढे नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा दिला आणि वाटण्यांमागून वाटण्या होत ओळींपर्यंत वेळ आली. आज एकेका मालकाकडे इथे चार ओळी, तिथे सहा ओळी, तिसऱ्या गावात पाव एकर अशी विखुरलेली शेती दिसते. तुकडेबंदीचा कायदा माहीत असलेल्या माणसाला हे बघून नवल वाटतं. अर्धा एकर शेतीवर एक घर जगतं आणि नाव कमावतं.

पायाखाली काय आहे

मला शेतं दाखवणाऱ्या बाई साठीच्या होत्या. त्यांच्या घराकडे बातारमध्ये मोजक्या ओळी आणि गावाजवळ काही तुकडे आहेत. मोंराशेत काही नाही. नाव छापू नका, एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांनी आधी मला स्वतःच्या बातारच्या ओळीत नेलं. आदल्या रात्री सर पडून गेली होती. दहा पावलांत बुटाला चिकणमातीचा जाड थर चिकटला. रस्ता ओलांडून आम्ही मोंराशेच्या कडेला उभ्या राहिलो, तर तिथली तांबूस-तपकिरी माती दगडगोट्यांनी भरलेली, बुटाला जेमतेम लागणारी. आणखी वर चढून गडग्यापलीकडच्या शव्हालिए-मोंराशेच्या काठाला पोचलो, तेव्हा जमीन पांढुरकी झाली होती. माती थोडी आणि चुनखडीचे खडे फार. तीन शेतं, मध्ये एक रस्ता आणि एक गडगा. तिन्हींतला फरक बुटाच्या तळव्यावर स्पष्ट दिसत होता.

हा सगळा डोंगर म्हणजे सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्राचा तळ. शंखशिंपल्यांचा चुना आणि गाळ एकावर एक साचला, पुढे जमिनीच्या हालचालीत थर तुटले, खचले, तिरके झाले. त्यामुळे उतारावर काही मीटरवर खालचा खडक बदलतो. अगदी वर माती पातळ आणि थंडावा जास्त, अगदी खाली माती खोल आणि पाणी धरून ठेवणारी. मोंराशे मधल्या पट्ट्यात बसलं आहे. तोंड पूर्व-आग्नेयेला, सकाळचं ऊन लवकर, पावसाचं पाणी खडकाच्या फटींतून झटकन उतरणारं. वेलीला तहान लागते, पण ती कोमेजत नाही. वाइनच्या द्राक्षाला हीच अवस्था मानवते.

म्हणजे बांध खरा आहे. तरीही नुसत्या भूगर्भशास्त्रावर विसंबून राहावं असं मला वाटलं नाही, कारण बाईंनी पुढे जे सांगितलं ते पुस्तकातल्या नकाशात नसतं. उतारावरची माती दर पावसाळी वर्षात खाली वाहून येते. पिढ्यान्‌पिढ्या इथले मजूर हिवाळ्यात ती पाठीवरच्या टोपल्यांत भरून पुन्हा वर नेऊन टाकत आले. त्यांच्या आजोबांचे खांदे याच कामाने वाकले होते. मोठ्या वादळानंतर आजही माती वर न्यावीच लागते, फक्त टोपलीच्या जागी यंत्र आलं आहे. उत्तरेकडच्या रोमाने-काँती या रेड वाइनच्या जगप्रसिद्ध शेतात तर अठराव्या शतकात डोंगरावरची माती शेकडो गाड्या भरून आणून टाकल्याच्या नोंदी आहेत. निसर्गाने दिलेली म्हणून जिची कीर्ती गायली जाते ती ही जमीन माणसांनी हाताने जागेवर धरून ठेवलेली आहे. बर्गंडीवर लिहिणारे खडकाबद्दल जेवढं लिहितात, त्याच्या निम्मं तरी या टोपल्यांबद्दल लिहिलं जायला हवं होतं.

२०१५मध्ये युनेस्कोने बर्गंडीतल्या अशा १२४७ नामांकित शेतांना, म्हणजे ‘क्लिमां’ना, जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मान्यता जमिनीला मिळाली, पण तिच्यात गडगे रचणारे आणि टोपल्या वाहणारे हातही आलेच.

कमरेत वाकलेली सकाळ

आपल्या मांडवाखालून किंवा वाय-पद्धतीच्या बागेतून ताठ चालत घड तोडता येतात. इथे घड गुडघ्याच्या उंचीवर असतात. हेक्टरी जवळपास दहा हजार वेली, दोन वेलींत आणि दोन ओळींत साधारण एकेक मीटर अंतर. ट्रॅक्टरसुद्धा ओळीवर पाय फाकून उभा राहिल्यासारखा उंच चाकांचा असतो आणि वेली त्याच्या पोटाखालून जातात. माती दबू नये म्हणून काही मालक पुन्हा घोड्याच्या नांगराकडे वळले आहेत.

काढणी पहाटेच सुरू होते. उजेड फुटता फुटता टोळी ओळींत शिरली. मुकादमाने एकेका ओळीला दोघं लावली, समोरासमोर. कात्री, बादली, क्रेट. थोड्याच वेळात कोणी गुडघ्यावर टेकलं, कोणी मांडी घालून बसत पुढे सरकायला लागलं. कुजका, करपलेला मणी दिसला की तो कात्रीच्या टोकाने काढायचा आणि मगच घड बादलीत टाकायचा. पूर्वी या टोळीत नातेवाईक, विद्यार्थी आणि जवळपासची माणसं असत. आता पूर्व युरोपातून आलेले, कंत्राटदाराने पाठवलेले मजूर पुष्कळ दिसतात. त्यांच्यातल्या एकीने मला कंबर दाखवून हसत खूण केली आणि पुन्हा वाकली.

काढणीचा दिवस ठरवणं ही मालकाची वर्षातली सर्वांत मोठी परीक्षा. रिफ्रॅक्टोमीटर इथेही आहे, साखर मोजली जाते. पण बाई मणी तोंडात टाकून बराच वेळ साल चावत राहतात, मग बी तळहातावर थुंकून तिचा हिरवेपणा गेला का ते बघतात. साखरेची त्यांना काळजी नव्हती. आंबटपणा टिकतो का, याची होती. रात्री उबदार राहिल्या की मॅलिक आम्ल झपाट्याने उतरतं आणि आम्लाशिवाय ही वाइन उभीच राहत नाही.

बोन शहरात काढणीच्या तारखांच्या १३५४पासूनच्या नोंदी सापडतात. २०१९मध्ये संशोधकांनी त्यांची २०१८पर्यंतची सलग मालिका प्रसिद्ध केली. जवळजवळ सव्वासहाशे वर्षं काढणी सरासरी २८ सप्टेंबरच्या सुमाराला सुरू होत असे. १९८८नंतर ती सरासरी तेरा दिवस अलीकडे आली आहे. आता ऑगस्टअखेरीस टोळ्या शेतात उतरल्या तरी गावात कोणाला आश्चर्य वाटत नाही. बाईंच्या लहानपणी शाळा सुरू होऊन चांगले दिवस लोटल्यावर काढणी येई.

हिवाळ्यातही शेत मोकळं नसतं. छाटणी एकदाच, झोपेच्या काळात. आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, असा दुहेरी फेरा इथे नाही, कारण थंडी वेलीला आपोआप झोपवते. छाटलेल्या काड्या चाकावर बसवलेल्या पत्र्याच्या अर्ध्या पिंपात जाळत, ते ढकलत ढकलत मजूर ओळीतून पुढे जातो. त्या धुरावर हात शेकायचे आणि पुढची वेल घ्यायची.

आपल्या बागायतदाराला ओळखीची वाटेल अशी दुसरी गोष्ट म्हणजे खुंट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सची द्राक्षशेती मुळापासून खाल्ली. उपाय सापडला तो अमेरिकन जातींच्या मुळांवर युरोपी कलम करण्याचा. आज मोंराशेतली शार्दोने परक्या मुळांवर उभी आहे आणि आपल्याकडची बाग ज्या डॉगरिजवर उभी असते तो खुंटही मूळचा अमेरिकनच. शार्दोनेची स्वतःची वंशावळही अशीच मिश्र आहे. १९९९मध्ये डीएनए तपासणीतून कळलं, की ती पिनो आणि गुए ब्लां यांच्या संकरातून जन्मली. पिनो कुलीन मानलेलं द्राक्ष, गुए कुळवाड्यांच्या अंगणातलं, हलकं म्हणून हिणवलेलं.

पिंपांच्या खोलीत

द्राक्षं आली की घाई उडते. शार्दोनेचे घड देठांसकट प्रेसमध्ये जातात. आत हवेची पिशवी फुगत जाते आणि रस हळूहळू सुटतो. पहिला रस गढूळ, हिरवट-राखाडी असतो. तो एक रात्र थंड ठेवून गाळ बसू दिला जातो आणि मग ओकच्या पिंपांत भरला जातो. इथे बऱ्याच घरांत बाहेरचं यीस्ट घालत नाहीत. खोलीतलं, सालीवरचं यीस्ट आपोआप कामाला लागतं. मी पिंपाच्या तोंडाला कान लावला, तर आतून बारीक, सतत चुरचुर ऐकू येत होती. साखरेचं अल्कोहोल होत होतं.

यानंतर वाट बघण्याचा लांबलचक काळ. मेलेलं यीस्ट तळाशी बसतं. काही जण काठी घालून ते अधूनमधून ढवळतात, त्याने वाइनला भरीवपणा येतो. थंडीत किंवा वसंतात दुसरं परिवर्तन होतं, ज्यात बोचऱ्या मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल बनतं. वर्षभर, कधी दीड वर्ष वाइन लाकडात आणि मग टाकीत राहते. नवं ओक किती वापरायचं यावरून घराघरांत मतभेद आहेत. माझं मत बाईंसारखंच झालं. लाकडाची चव लागली, तर मातीच्या फरकाचा एवढा अट्टहास कशाला?

प्युलिन्यीत खोल तळघरं फारशी नाहीत, कारण जमिनीखाली पाणी लवकर लागतं. त्यामुळे इथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपली वाइन लवकर विकून मोकळे होत आणि ती बोनच्या व्यापाऱ्यांच्या तळघरात मुरे. शेतकऱ्याने स्वतःच्या नावाने बाटली भरण्याची चाल विसाव्या शतकात रुजली. नावाचा दुरुपयोग थांबावा म्हणून १९१९च्या कायद्याने कोर्टाची वाट खुली केली, १९३५मध्ये राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली आणि १९३७मध्ये मोंराशेच्या हद्दी अधिकृतपणे ठरल्या.

बाईंनी एका पेल्यात गावातली साधी प्युलिन्यी दिली, दुसऱ्यात पिंपातून काढलेली गेल्या वर्षीची बातार. पहिली स्वच्छ, लिंबाच्या सालीची, लगेच आवडणारी. दुसरीला आधी नुकत्याच ओढलेल्या आगकाडीचा वास होता. तो उडायला वेळ लागला. मग बदाम, पिकलेला पेअर आणि शेवटी जिभेच्या कडांना घट्ट धरून ठेवणारा खारटसर आंबटपणा. पेला खाली ठेवून आम्ही बोलत राहिलो आणि चव अजून गेलेली नव्हती. दोन्ही वाइन एकाच खोलीत, एकाच हाताने, एकाच पद्धतीने झालेल्या. रस्त्यावरून पाहिलेला फरक इथे मला पहिल्यांदा पटला.

या वाइनने लोकांना दगाही दिला आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या कित्येक महागड्या बाटल्या दहा-बारा वर्षांतच तपकिरी आणि निस्तेज निघू लागल्या. बूच, फार हळुवार दाबणी, कमी गंधक, जास्त ढवळणं, अशी अनेक कारणं पुढे आली. एकच अपराधी सापडला नाही. तेव्हापासून सगळ्यांच्या सवयी बदलल्या आहेत. काठी कमी फिरते आणि लफ्लेव्हसारख्या घराण्याने साध्या बुचाऐवजी दळलेल्या, शुद्ध केलेल्या कॉर्कची बुचं स्वीकारली आहेत.

लफ्लेव्हचं नाव दुसऱ्या कारणानेही घ्यावं लागतं. आन-क्लोद लफ्लेव्ह यांनी १९९०पासून शेताच्या काही भागावर बायोडायनॅमिक पद्धत करून पाहिली आणि १९९७मध्ये सगळी शेती त्या पद्धतीवर नेली. गाईच्या शिंगात शेण भरून जमिनीत पुरायचं, मग ते पाण्यात घुसळून फवारायचं. आपल्याकडे सेंद्रिय शेती करणारे ज्याला शिंगखत म्हणतात तेच. आन-क्लोद २०१५मध्ये गेल्या, पण प्युलिन्यीच्या मातीत पुन्हा गांडुळं आणण्याचं श्रेय गावकरी त्यांना देतात.

राय धान्याचा पाव

१७८७च्या मार्चमध्ये थॉमस जेफरसन या भागातून गेले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले हे गृहस्थ तेव्हा फ्रान्समध्ये राजदूत होते. मोंराशे त्यांना फार आवडली. पण त्यांच्या टिपणातली एक नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. पोमार आणि व्होलने या रेड वाइनच्या गावांत शेतकरी गव्हाचा पाव खाताना दिसले, तर मेर्सोत राय धान्याचा. कारण विचारल्यावर कळलं, की व्हाइट वाइन जास्त वेळा बिघडते आणि विकली न जाता घरात पडून राहते. आज मेर्सोच्या गल्ल्यांतून फिरताना ती गरिबी कुठे सापडत नाही. दगडी फाटकं, नव्या मोटारी, परदेशी पाहुणे.

समृद्धीने वेगळाच पेच टाकला आहे. ग्रां क्रु जमिनीचा भाव हेक्टरला कित्येक दशलक्ष युरोंच्या घरात गेला आहे. बाप गेला की वारसा कर त्या भावाने लागतो. वाइन विकून तो भरणं अवघड, म्हणून बहीण-भावांपैकी कोणी तरी वाटा विकायचं म्हणतं आणि घेणारा शेतकरी नसतो. मोंराशेत मोठा तुकडा असलेली बुशार ही जुनी पेढी २०२२मध्ये लक्झरी उद्योगातल्या पिनो घराण्याच्या समूहाकडे गेली. बाईंची मुलगी परत येऊन शेती करते आहे. एक ओळसुद्धा विकत घेणं त्यांना या जन्मी शक्य नाही, असं बाई शांतपणे म्हणाल्या. आहे ती राखायची.

याच मेर्सोत नोव्हेंबरमध्ये, बोनच्या इस्पितळाच्या वाइन लिलावानंतरच्या सोमवारी, ‘पोले’ नावाची पंगत बसते. ज्यूल लाफों यांनी १९२३मध्ये ती नव्याने सुरू केली. मूळ कल्पना काढणी संपल्यावर मालक आणि मजूर यांनी एकत्र जेवण्याची. आज तिथे जाणारा प्रत्येक जण आपल्या तळघरातली बाटली घेऊन जातो आणि शेजाऱ्याला ओततो. मजुरांना त्या पंगतीत पुन्हा मोठ्या संख्येने जागा मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

एप्रिलची पहाट

निफाडला पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. बर्गंडीत ही धास्ती एप्रिलमध्ये असते. शार्दोने लवकर फुटते आणि हिवाळे उबदार झाल्यापासून आणखी लवकर. कोवळ्या फुटव्यावर दहिवर पडलं की त्या वर्षाचं पीक गेलं. २०२१च्या एप्रिलमध्ये रात्रीमागून रात्री मेणाचे डबे पेटवून सगळी दरी उजळली होती, तरी व्हाइट वाइनच्या गावांचं अतोनात नुकसान झालं.

त्याआधीचा घाव २०१६चा. २७ एप्रिलच्या पहाटे दहिवर पडलं, मग आभाळ निरभ्र होतं आणि ओल्या, गोठलेल्या फुटव्यांवर थेट ऊन आलं. फुटवे करपले. अशा रात्री खालच्या सपाटीला झोडपतात आणि उतारावरच्या मोंराशेला सोडून जातात, असा पिढ्यांचा अनुभव होता. त्या पहाटे मोंराशेही सुटलं नाही. काही मालकांच्या वाट्याला एक पिंप भरण्याइतकेही घड उरले नाहीत आणि इतका थोडा रस नीट आंबवणंही अवघड.

तेव्हा सात मालकांनी आपापले घड एकत्र करायचं ठरवलं. त्यांत रोमाने-काँतीचं घराणं होतं, लाफों होते, लफ्लेव्ह होते आणि बाहेर फारशी माहीत नसलेली लहान घरंही होती. सगळी द्राक्षं लफ्लेव्हच्या प्रेसमध्ये गेली. जेमतेम दोन पिंपं भरली, सुमारे सहाशे बाटल्या. ज्या ओळींच्या हद्दीसाठी दोनशे वर्षं वाटण्या आणि दस्त झाले, त्यांचा रस एका पिंपात मिसळला आणि सातही घरांच्या नावे बाटली भरली गेली.

पुढच्या वर्षी, २०१७च्या एप्रिलअखेर, पुन्हा दहिवराचा इशारा आला. या वेळी प्युलिन्यी, शासान्य आणि मेर्सोचे शेतकरी वाट बघत बसले नाहीत. गवताच्या गाठी शेतांच्या कडेने ठेवल्या, त्या ओल्या केल्या आणि पहाटे पेटवल्या, म्हणजे धुराचा पडदा तयार होऊन सूर्य एकदम फुटव्यांवर येऊ नये. कोणाची गाठ कोणाच्या बांधावर, हे कोणी विचारलं नाही. धूर मोंराशेवरून बातारवर, बातारवरून गावाजवळच्या साध्या तुकड्यांवर पसरला. बाई तेव्हा मुलीबरोबर रात्रभर शेतात होत्या. त्या वर्षी पीक भरघोस आलं.